वेगळा ग्लास

"तिन्हींतला वेगळा कोणता?" खिडकीपलीकडून चाचणी घेणाऱ्या फाबिओलाने विचारले.

निकोलासाने चूळ भरली आणि पुन्हा एकेक घोट घेतला. पेयाच्या रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून खोलीत फक्त लाल दिवा होता. दोन ग्लासांत नेहमीचा कोला, एकात बिनसाखरेचा. मेक्सिकोतल्या या कोल्याच्या कारखान्यात चव घेणे हीच तिची नोकरी. बिनसाखरेचा ती एरवी सहज पकडायची. साखरेचा जिभेवर रेंगाळणारा जडपणा त्यात नसे, आणि मागाहून धातूसारखा कडवटपणा येई. आज जडपणा तिन्हींत होता. कडवटपणा कशातच नव्हता.

"मधला."

"चूक!" फाबिओला आनंदाने ओरडली. "अगं बाई, तुझी जीभ फसली म्हणजे अख्खा चियापास फसला!"

बिनसाखरेच्या कोल्याची नवी कृती जमली म्हणून त्या दिवशी कारखान्यात केक कापला गेला. साखरेवरचा कर वाढला होता, गावोगाव मधुमेही वाढले होते, आणि 'डाएट' म्हटले की लोक तोंड फिरवत. म्हणून जाहिरातवाल्यांनी बाटली तीच ठेवली, तीच लाल. फक्त झाकणाखाली एक बारीक काळी पट्टी आली. 'काहीच बदललं नाही,' असे घरांच्या भिंतींवर रंगवले गेले.

पहिला क्रेट निकोलासा डोंगरातल्या घरी, आईसाठी घेऊन गेली. आई तोमासा मधुमेहामुळे इन्सुलिनवर होती.

"आजाऱ्यांचं पाणी आणलंस वाटतं?"

"पिऊन तर बघ."

तोमासाने घोट घेतला. "हा तर आपलाच कोला! थापा नको मारूस."

"साखर नाहीये, आई. जेवताना बिनधास्त पी."

"मग इतकी वर्षं कशाला तरसवलंस गं, चांडाळणी?" तोमासा हसत सुटली. शेजारच्या चेपिनालाही तिने ग्लास भरून दिला.

घरात जुन्या, साखरेच्या कोल्याची एक बाटली वेगळी असे, देव्हाऱ्यात, कुमारी मातेच्या पायाशी. इन्सुलिनने रक्तातली साखर फार उतरली, घाम फुटून हातपाय कापू लागले, की ती प्यायची. निकोलासानेच आईला आणि चेपिनाला हे घोकून घोकून शिकवले होते. त्या बाटलीने तोमासाला कितीदा तरी सावरले होते.

गावच्या जत्रेला पाहुणे आले. कोला कमी पडला, तेव्हा तोमासाने देव्हाऱ्यातली बाटली उघडली आणि नंतर तिच्या जागी क्रेटमधली ठेवली. लाल बाटलीच्या जागी लाल बाटली.

दोनच आठवड्यांत तोमासा गेली. निकोलासा पोहोचली तेव्हा रीतीप्रमाणे जमिनीवर पाइनची हिरवी पाने अंथरून झाली होती आणि शेजारणी मक्याच्या पिठाचे तामालेस वाफवत होत्या. चेपिनाने तिचा हात घट्ट धरला.

"तू सांगितलंस तस्संच केलं गं पोरी. कापायला लागली तशी देव्हाऱ्यातली बाटली काढली. एक ग्लास दिला, दुसरा दिला. गोड आहे म्हणाली. अजून दे म्हणाली. अख्खी बाटली पाजली, तरी उतार पडेना. काय चुकलं गं माझं?"

निकोलासाने देव्हाऱ्याकडे पाहिले. रिकामी बाटली तिथेच होती. झाकणाखालची काळी पट्टी इथून दिसतही नव्हती.

"तुझं काही चुकलं नाही, मावशी," ती म्हणाली. 

रात्र जागवायला लोक जमले. मेलेल्याला आवडायचे ते पेय उशाशी ठेवायची रीत. दुकानातून दोन्ही कोले आले होते. चेपिनाने दोन ग्लास भरून आणले आणि मधेच थबकली.

"यातला आपला जुना कुठला गं? ओतताना लक्षच राहिलं नाही. आता तिला कसलं पथ्य? तो दुसरा नको. तू सांग, तुझं तर कामच ते."

लाल काचेतल्या मेणबत्त्यांच्या उजेडात दोन्ही ग्लास सारखेच काळे दिसत होते. निकोलासाने पाण्याने चूळ भरली. एकातला घोट घेतला, थांबली. पुन्हा चूळ भरून दुसऱ्यातला घेतला. शेजारणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

तिने पुन्हा पहिला ग्लास उचलला.

"कुठला?" चेपिनाने हळूच विचारले.

निकोलासाने दोन्ही ग्लास आईच्या उशाशी ठेवले.