मेथीच्या वाफ्यावरची झारी

मित्रांनो, पाणी वाहून वाहून माझी मूठ झिजली आहे. मी पत्र्याची झारी. आमेरच्या एका पत्रेवाल्याने मला घडवले आणि जयपूरच्या एका लष्करी इस्पितळात मी रुजू झाले. पहिली वर्षे साहेबांच्या हिरवळीवर गेली. तिला कितीही पाजा, तिची तहान भागत नसे. मी तेव्हाच दमले होते.

१९८४ च्या हिवाळ्यात मनाच्या आजारांच्या वॉर्डात डॉक्टर शालिनीबाई आल्या. त्यांनी हिरवळीचा एक कोपरा खणून प्रत्येक रुग्णाला एक वाफा दिला. "आधी मातीत हात घालू द्या, बोलणं मागनं येईल," त्या म्हणत. माळी हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसले.

साताऱ्याकडचे हवालदार हिंदुराव माझ्या वाट्याला आले. त्यांची गाडी वाळवंटात उलटली होती आणि त्यांचे तीन जवान गेले होते. तेव्हापासून आठ महिने ते एक शब्द बोलले नव्हते. महिनाअखेरीस मोठे साहेब तपासायला येणार होते. तोवर हिंदुराव बोलले नाहीत, तर त्यांची रवानगी दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होणार होती.

त्यांची बायको गिरिजा पदराच्या गाठीत बी घेऊन आली. "अवो, मेथी हाय. आपल्या परड्यातली," ती म्हणाली. हिंदुरावांनी ती मेथी वेड्यावाकड्या ओळींत पेरली. चौथ्या दिवशी कोंब वर आले. हिंदुराव उकिडवे बसून ते तासन्‌तास बघत आणि मला हळू तिरपी करत. इतक्या हळू मला कोणी कधीच धरले नव्हते.

साहेब यायचे म्हटल्यावर पलटणीत जे होते तेच झाले. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. मलाही फासला. ओळी वाकड्या दिसतात म्हणून माळ्यांनी मेथी उपटली आणि तिथे झेंडूच्या कुंड्या मातीत पुरल्या.

सकाळी साहेबांनी विचारले, "कैसे हो, हवलदार?"

हिंदुरावांनी वाफ्याकडे पाहिले. मग वाकून एक कुंडी उपसली आणि साहेबांच्या बुटांपुढे आपटली.

"ही झाडं खोटी हायती, सायेब! माजी मेथी उपटली ह्यांनी!"

शिपाई धावले. साहेबांना मराठी कळत नव्हती. "इसे ले जाओ," ते म्हणाले. गिरिजा रडू लागली. शालिनीबाई मात्र मध्ये उभ्या राहिल्या. "सर, ये बोल रहा है. आठ महीने बाद. मुझे एक महीना और दीजिए."

साहेबांनी बुटांवरची माती झटकली. मग त्यांनी महिना दिला.

मेथी पुन्हा पेरली. ओळी वाकड्याच होत्या. महिन्याने हिंदुरावांनी स्वतःच्या हाताने जुडी बांधली, गिरिजेच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, घरी."

पुढे शालिनीबाईंची बदली झाली आणि वाफ्यांवर परत हिरवळ आली. मी कोठीत पडून आहे. माझे काही म्हणणे नाही, मित्रांनो, मला विसावा हवाच होता. पण तुमच्या घरात कोणी गप्प झाले असेल, तर त्याला मूठभर माती द्या आणि पाहुणे येणार म्हणून त्याचे उगवलेले उपटू नका.