बोल्टनची शीला

"काकू, ते ताट बाजूला सार. घास घिऊ नको!" चन्नप्पा दारातूनच ओरडला.

गुरम्मांचा हात भाकरीवर तसाच राहिला. पूजा आटोपून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून त्या नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. चुलीपाशी त्यांची सून शीला पुढची भाकरी थापत होती, तिने मान वळवून पाहिलं. हा पुतण्या जेवणाच्या वेळेला उगवतो तो जेवायलाच, हे घराला ठाऊक होतं. आज मात्र तो पाटाकडे वळलासुद्धा नाही. काखेतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

शीला म्हणजे खरीखुरी विलायतेची. गुरम्मांचा एकुलता एक महादेवप्पा विणकामाचं शिकायला बोल्टनला गेला आणि पंचावन्न साली डिप्लोमा आणि बायको अशा दोन्ही गोष्टी घेऊन परतला. नोकरी होती त्या मिलमध्ये कौतुक झालं, घराकडे बाळीवेशीत बोंब झाली. नाव तेवढं बदलावं लागलं नाही, शीलाची शीलाच राहिली. मराठी ती शिकली सासूच्या चुलीपाशी, त्यामुळे मंडईत ती "लई सांगतासा की वो, माळवं हाय का सोनं?" म्हणाली, की नवखा भाजीवाला तराजू खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसे.

पण चुलीपाशी बसायला मिळालं म्हणजे चूल मिळाली असं नव्हे. पहिली कितीतरी वर्षं गुरम्मांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. कोपऱ्यात वेगळी चूल मांडून त्या आपल्यापुरतं करत. पुढे मैंदर्गीहून आलेल्या स्वामींनी शीलाला दीक्षा दिली, गळ्यात इष्टलिंग बांधलं, आणि त्या दुपारी गुरम्मांनी सुनेची जाडजूड, कडेला फाटलेली भाकरी एक शब्द न बोलता खाल्ली. तेव्हापासून शीलाने वाट पाहत दिवस मोजायचे सोडून दिले. महादेवप्पाला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गोरी आता माघारी जाणार, असं गल्लीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. जाणार कुठे? लग्नानंतर तिच्या वडिलांनी तिचं नाव टाकलं होतं. म्हातारी जेवते ते ताट, एवढंच तिचं या जगातलं घर होतं. ते ताट सरकलं की संपलं.

"हे बघ," चन्नप्पाने कागद सोडला. आतून वहीएवढं, कोपरे दुमडलेलं एक इंग्रजी मासिक निघालं. "न्हाव्याच्या दुकानात घावलं. रद्दीतनं आणलंय म्हनं त्यानं. चार मानसं मान वाकडी करून बघत्यात. मी दाढीला बसलेलो, माझ्या म्होरं धरलं. मॅट्रिक झालोय की मी, वाचाय येतंय. बोल्टनची शीला, वय एकोनीस, टायपिस्ट, इनकामाची आवड, इंडियाला जायाची इच्छा." तो काही दुष्ट माणूस नव्हता, लाजेने अर्धा झाला होता. "वैनी, तुमीच सांगा आता."

शीलाने पाहिलं. पोहण्याच्या आखूड पोशाखातली एक मुलगी कठड्याला टेकून उभी होती, हनुवटी वर, मागे समुद्र. समुद्र कसला, रंगवलेला पडदा तो. बोल्टनला चांभाराच्या दुकानावर माडीत स्टुडिओ होता. बाहेर बर्फ पडत असायचं आणि आत रॉकेलच्या शेगडीपाशी गुडघे शेकून घ्यायचे, मग दात न वाजवता उन्हाळ्यासारखं हसायचं. फोटोवाल्याची बायको तिच्या खांद्यांना पावडर लावायची आणि मध्येच चहा आणून द्यायची. शनिवारी दुपारी टायपिंग सुटलं की ती धावत जायची. तिथे कोणीतरी तिला म्हणायचं, जरा इकडे बघ, छान, अशीच राहा. घरात असं कोणी म्हणत नव्हतं.

महादेवप्पाला सगळं माहीत होतं. "आईला कळू द्यायचं नाही," म्हणत त्याने इकडे येताना बोटीवरून एडनपाशी त्या मासिकाच्या साऱ्या प्रती समुद्रात सोडल्या होत्या. त्यानंतर तिने स्वतःला असं पाहिलंच नव्हतं. तिला लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. मरून गेलेलं माणूस दारात उभं राहावं तसा आनंद. त्या आनंदाचीच तिला भीती वाटली.

गुरम्मांनी हात पुढे केला. मोतीबिंदू काढल्यापासूनचा जाड भिंगांचा चष्मा त्यांनी नीट बसवला आणि मासिक खिडकीच्या उजेडात नाकाशी धरलं. तव्यावरच्या भाकरीला फोड आला. ती उलटायचं शीलाला सुचलं नाही.

"ही तू?"

नाही म्हणता आलं असतं. विलायतेत शीला काय एकच असते? चन्नप्पासुद्धा त्याच आशेने बघत होता.

"व्हय अव्वा. मीच."

गुरम्मांनी फोटोवर बोट ठेवलं आणि गळ्यावरून हळूहळू फिरवलं. "गळ्यात लिंग न्हाय."

"गळ्यात?" चन्नप्पाने कपाळावर हात मारला. "काकू, अंगावर धड कापड न्हाय तिच्या, आन तू लिंग काय बघत बसलीस!"

"मी मला बघायचं ते बघती. हिला दीक्षा दिली तवा तू हुतास का न्हाय तितं?"

"हुतो की."

"मांडी घालून पंगतीत जेवलास. स्वामी काय म्हनले?"

चन्नप्पा हातातला वर्तमानपत्राचा कागद चुरगाळू लागला.

"आदीचा जल्म जळाला म्हनले. कोन हुती, कशी हुती, ते पुन्ना काडायचं न्हाय. जो काडंल त्येला पाप. ही पोरगी लिंग बांदायच्या आदीची हाय. ती मला कोन लागती? आन तुला तरी कोन लागती?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. "जा आता. मला जिवू दे."

चन्नप्पा मासिक तिथेच सोडून निघून गेला. रडावं, म्हातारीच्या पाया पडावं, असं शीलाला वाटलं.

"शीला," घास गिळून गुरम्मांनी विचारलं, "ही कोन हाय?"

"मी की अव्वा, सांगितलं न्हवं..."

"पुन्ना इचारती. ही कोन हाय?"

शीलाला कळलं. गुरम्मांचा हात पुढच्या घासापाशी थांबला होता. चन्नप्पासमोर खरं बोलणं सोपं गेलं होतं, हे जड होतं.

"कोन न्हाय," ती म्हणाली.

"मग चुलीत घाल."

तिच्यापाशी दुसरी प्रत नव्हती. शीलाने पान फाडलं नाही, अख्खं मासिकच जाळात सरकवलं. गुळगुळीत कागद लवकर पेट घेईना. आधी कडा काळ्या पडल्या, मग कठडा गेला, मग समुद्र. हनुवटी वर धरलेला तो चेहरा शेवटपर्यंत हसत राहिला आणि एकदम गुंडाळून आत वळला. शीलाने डोळे पुसले, पिठाचे हात गालांना लागले. धूर झाला असं तिला म्हणता आलं असतं.

गुरम्मा चुलीकडे बघत होत्या. जेवण तसंच राहिलं होतं.

"लई बारीक हुती गं ती पोरगी," त्या म्हणाल्या. "घरात खायाला न्हवतं काय?"

"हुतं अव्वा." शीला म्हणाली. "तिला वाढनारं कोन न्हवतं."

गुरम्मांनी हात धुतले. भिंतीला धरून उठल्या, फळीवरून दुसरं ताट घेतलं. तव्यावरची भाकरी एका अंगाने करपली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली, टोपलीतली चांगली घेतली, तिच्यावर लोणी ठेवलं, शेजारी चटणी वाढली आणि ताट शीलापुढे सारलं. शीलाने घास केला, तोंडात घातला. दुसऱ्या घासाला हात थांबला.

"खा," गुरम्मा म्हणाल्या. "गार हुतंय."