केजच्या एसटीतलं लेकरू

"सांगितलं तर कुणाचा इस्वास बसणार न्हाई," अशीच राधाकिशन सरांची गोष्ट सुरू व्हायची. ज्याचा बसायचा नाही, त्याला सर वॉर्डाबाहेर बसवायचे, म्हणून सगळ्यांचा बसायचा.

बीड जिल्ह्यातल्या त्या दवाखान्यात लेकरांच्या वॉर्डाचे सर प्रमुख. बालरोगतज्ज्ञ व्हायला आलेली पोरंपोरी, म्हणजे रेसिडेंट, त्यांच्या हाताखाली तीन वर्षं रगडून निघायची. सरांच्या बुटांचा दरारा असा, की ते वाजले की रडणारं पोरगं गप्प व्हायचं आणि डुलकी घेणारा रेसिडेंट उभ्या उभ्या नाडी मोजायला लागायचा, कधी कधी स्वतःचीच.

नवी बॅच आली की तिला केजच्या एसटीची गोष्ट मिळायची. लसीकरणाच्या शिबिरात एका मेंढपाळाचं तान्हं आणलं, श्वास बंद. दवाखान्याची गाडी बिघडलेली. सर लेकराला घेऊन एसटीत चढले आणि बीडच्या वाटेनं अ‍ॅम्बू दाबत राहिले. अ‍ॅम्बू म्हणजे तोंडावर धरून हातानं दाबायचा श्वासाचा फुगा. अख्खी गाडी म्हणाली, गेलं, सोडा आता. सरांनी सोडला नाही, आणि मांजरसुंब्याच्या घाटात लेकरू हललं. पहिल्या वर्षी ते नुसतंच हललं होतं. पुढच्या वर्षी शिंकलं. त्याच्या पुढच्या वर्षी असं शिंकलं की कंडक्टरची टोपी खिडकीतून दरीत. यंदा तर त्यानं रडून असा हंबरडा फोडला की समोरून येणारा ट्रक आपणहून मागं सरकला.

पोरं हसायची, पण गोष्ट मनात धरायची. एवढी वर्षं सांगून सरांना स्वतःलाही ते लेकरू खरंच शिंकताना दिसायला लागलं होतं. एकट्या विजयमाला मॅडम, सरांच्या पहिल्या विद्यार्थिनी आणि आता त्यांच्याच शेजारी शिकवणाऱ्या, घाट आला की कुठलंतरी सलाईन बघायला उठून जायच्या.

गोष्टीच्या शेवटी हुकूम असायचा. "मी 'थांब' म्हणेपर्यंत फुगा सोडायचा न्हाई. मी म्हंजी मीच. दुसऱ्या कुणाचं 'थांब' ह्या वॉर्डात चालत न्हाई."

त्या रविवारी सर कड्याला, एका पुढाऱ्याच्या पोरीच्या लग्नात होते. वॉर्डात स्वप्ना एकटी, पहिल्या वर्षाची रेसिडेंट. न्यूमोनियाच्या एका बाळाचा श्वास थांबला. तिनं फुगा धरला. नर्सनं सरांना फोन लावला, परत लावला, आणि शेवटी ती बाळंतिणींच्या वॉर्डाकडं विजयमाला मॅडमना आणायला पळाली. कड्यात बँडवाल्यांना जोर चढला होता. सरांचा फोन कोटाच्या खिशात थरथरून थकला. इकडं बाळ गार पडत गेलं. स्वप्नाच्या बोटांना ते कळत होतं. पण 'थांब' कोण म्हणणार?

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर कडूबाईच्या नातीला झटके सुरू झाले.

"ओ डाक्टरीण बाई, इकडं बघा की! माझी पोर निळी पडली!"

"आले आजी, आलेच," स्वप्ना म्हणत राहिली. हात फुग्यावरच.

"मेल्यालं लेकरू धरून बसलाव अन् जितं सोडताव व्हय!"

विजयमाला मॅडम पळत आल्या तेव्हा कडूबाई ओरडायची थांबली होती. दोन्ही लेकरं गेली होती. त्यातलं एक वाचलं असतं.

वॉर्डातल्या मृत्यूंवर दर शनिवारी बैठक व्हायची. या शनिवारी चौकशीला बाहेरून डॉ. पंडित आले होते. स्वप्नाला ठेवायचं की काढायचं, ते आज ठरणार होतं. ती खाली मान घालून बसली होती. मांडीवरची तिची बोटं मिटत होती, उघडत होती, मिटत होती.

"गेलेल्या बाळाला कशाला धरून बसलीस?" पंडितांनी विचारलं.

"सरांनी सांगेपर्यंत सोडायचं नाही, असा नियम आहे."

पंडितांनी सरांकडं पाहिलं. सरांच्या खिशातला फोन बंद होता, तरी तो मांडीला थरथरल्यासारखा वाटला. दोनच शब्द बोलायचे होते, चूक माझी. ते ओठापर्यंत आलेही. पण ज्या जिभेला वर्षानुवर्षं एकाच गोष्टीची सवय, ती तिकडंच वळली.

"नियम हाय, साहेब. पण नियमाला डोळे असावे लागत्यात. सांगितलं तर इस्वास बसणार न्हाई..."

केजची एसटी निघाली. नेकनूर मागं पडलं. कुणी हसलं नाही, म्हणून सरांनी आवाज चढवला.

"सगळी म्हणत्यात सोडा, सोडा. पण माझ्या ह्या हाताला कळत होतं, आत जीव हाय. ते कळतं त्याला डॉक्टर म्हणायचं. हिला कळाया पाहिजे होतं, साहेब. हिला कळलं न्हाई. मग लागला मांजरसुंब्याचा घाट..."

विजयमाला मॅडम उठल्या. सलाईन बघायला निघाल्या असतील म्हणून सरांनी खुर्ची सरकवून वाट करून दिली. पण त्या दाराकडं गेल्या नाहीत. स्वप्नाच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"खोटं आहे, सर," त्या म्हणाल्या. "ते लेकरू त्या घाटातच गेलं. फुगा तुमच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता. मी सोडत नव्हते. तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून तुम्हीच म्हणालात, 'थांब गं आता.'"