दात येईपर्यंतची वर्गणी

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत बसून पेशंटना एकेक करून आत सोडायचं, हे नंबरताईचं काम. काचेच्या अर्ध्या भिंतीमागे तिचं टेबल, टेबलावर फोन आणि नंबर घातलेल्या प्लास्टिकच्या बिल्ल्यांची टोपली. समोर भिंतीला लागून खुर्च्या. आतून मशीनचा कुईंऽऽ असा आवाज आला की खुर्च्यांवरची मोठमोठी माणसं एकदम शहाण्या मुलांसारखी मांडीवर हात ठेवून बसत. मग नंबरताई काचेच्या भोकातून गोड आवाजात सांगे, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त."

हे वाक्य ती इतकी वर्षं इतक्या जणांना सांगत आली होती, की तिला स्वतःला ती मुंगी कधीच चावलेली नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि आता तिचीच खालची डावी दाढ दुखायला लागली होती.

दुखणं म्हणजे काय, दाढेला जणू जीव फुटला होता. गार पाणी लागलं की कळ थेट कानात. गरम चहा लागला तरी तेच. नंबरताई सगळं उजव्या बाजूने खायला लागली, उजव्या बाजूने हसायला लागली, आणि झोपतानाही डाव्या गालाला उशी लागू देईना. नवऱ्याच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"अगं, दवाखान्यातच नोकरी ना तुझी? खुर्चीवरून उठायचं आणि आत जायचं. लोक बस बदलून येतात तिथे."

"लोकांना आतलं काही माहीत नसतं," नंबरताई म्हणाली.

"आणि तुला?"

"मला ऐकू येतं ना रोज!"

खरी गोम तिथेच होती. आत काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. आणि ऐकलेल्या आवाजांवरून मनात जे चित्र उभं राहतं, त्यापुढे खरं काहीही फिकंच पडावं. डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची, हाताने हलकी, बोलायला गोड. पण त्या हलक्या हातात जे असतं ते कुईं करतं, त्याला काय करणार?

अशात डॉक्टर एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, लोकांना वाचायला काहीतरी चांगलं ठेवा की. घाबरून बसतात बिचारे. एखाद्या मासिकाची वर्गणी भरून टाका."

सिनेमाची मासिकं नंबरताईने पूर्वी ठेवून पाहिली होती. ती पेशंटच्या पिशवीतून घरी जात. घरसजावटीच्या मासिकाला पाय फुटले नाहीत, पण त्यातले पडद्यांचे फोटो कुणीतरी नखाने कोरून नेले होते. तेव्हा तिने पुष्कळ विचार करून सर्वसामान्यांसाठी निघणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मासिकाची वर्गणी भरली. विज्ञान कोण पळवतंय, असा तिचा सरळ हिशेब.

पहिला अंक आला. मुखपृष्ठावर हाताच्या पंजाएवढी पांढरीशुभ्र दाढ आणि खाली ठळक अक्षरांत: "माणसाला पुन्हा नवे दात उगवणार?" शेवटी प्रश्नचिन्ह होतं, नाही असं नाही. पण ते इतकं नाजूक होतं, की दाढ दुखणाऱ्या माणसाला दिसावं अशी अपेक्षा करणंच चूक.

नंबरताईने लेख उभ्या-उभ्याच वाचला. शार्कला म्हणे आयुष्यभर नवे दात येतच राहतात. प्रयोगशाळेत एका उंदराच्या जबड्यात नवा दात उगवून दाखवलाय. संशोधन सुरू आहे. वाचता वाचता तिच्या डाव्या गालात थंडावा पसरला. वाट पाहायची, एवढंच! वाट पाहण्यात तर तिची हयात गेली होती. पगारच त्याचा मिळत होता.

समोर ड्रायव्हरकाका बसले होते. बस चालवून निवृत्त झालेला आडदांड माणूस, पण दोन हलते दात हातात धरल्यासारखा जपून बोलत होता. तिने त्यांना लेख मोठ्याने वाचून दाखवला. ड्रायव्हरकाकांनी डोळे मिटून ऐकला आणि निकाल दिला.

"मी काय म्हणतो, नवी गाडी येणार हे कळल्यावर जुनीचं इंजिन कोण उघडत बसतं?"

"पण काका, उंदराला आलाय तो," पलीकडची बेकरीवाली म्हणाली. दिवसभर केकची चव पाहून पाहून तिच्या दातांची चाळण झाली होती.

"आज उंदराला आला, उद्या आपल्याला. नंबर लागतो म्हणायचं. काय नंबरताई?"

एरवी नंबरताईने अशा माणसाला बोलण्यात गुंतवून कधीच आत ढकललं असतं. पण आज ती स्वतःच फितूर झाली होती. "तुमचं म्हणणं काही चूक नाही," ती म्हणाली.

झालं. पेशंटनी दवाखान्यात येणं थांबवलं असतं तर निदान डॉक्टरांना कळलं तरी असतं. इथे उलटंच. लोक ठरल्या वेळी यायचे, बिल्ला घ्यायचे, लेख वाचायचे, त्यावर चर्चा करायचे, आणि डॉक्टरांनी दार किलकिलं करून "पुढचे?" म्हटलं की सगळ्यांच्या अंगात सभ्यपणा संचारायचा.

"तुम्ही जा."

"छे छे, आधी तुम्ही. तुम्ही वयाने मोठे."

"मोठेपणा कसला त्यात? तुम्ही बायामाणूस. आधी तुमचा मान."

डॉक्टर आत एकट्याच खुर्ची वर करत, खाली करत. बाहेर शार्कवर चर्चा. बेकरीवाली तर आपल्या वहिनीला घेऊन आली. वहिनीचे दात ठणठणीत होते, पण लेख ऐकायला मिळतो म्हणून.

दाढ मात्र विज्ञानासाठी थांबायला तयार नव्हती. तिची कळ रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. कानातून आता डोक्यात गेली होती. शेवटी नंबरताईने मासिकाच्या कचेरीत फोन लावला.

"वर्गणी विभाग," पलीकडून एक तरुण आवाज आला.

"बरं झालं तुम्हीच भेटलात. मी तुमची वर्गणीदार. ते दात कधीपर्यंत येतायत?"

"कसले दात?"

"तुमच्याच अंकातले की! मुखपृष्ठावरचे."

"बाई, तो लेख आहे. मी वर्गणी विभागात आहे. अंक मिळाला नाही, पत्ता बदलला, असलं काही असेल तर सांगा."

"अंक मिळाला. दातच मिळाले नाहीत. बरं, हे सांगा, वर्गणी किती वर्षांची भरावी म्हणजे दातापर्यंत पोचेल? एक की तीन?"

"पाच वर्षांचीही योजना आहे," आवाज सवयीने म्हणाला, आणि मग घुटमळला. "पण खरं सांगू का? एखाद्या डॉक्टरांना दाखवा तुम्ही."

"डॉक्टर आहेत हो, पाच पावलांवर. म्हणून तर तुम्हाला फोन केला!"

तिने फोन ठेवला. पाच वर्षांची योजना आहे म्हटल्यावर तिचा धीर सुटलाच होता. शहाणा माणूस तिथेच उठून आत गेला असता. पण भीती माणसाला भलती चिवट करते. तिने ठरवलं, दुसरा अंक येऊ दे, त्यात पुढची हकिगत असेलच.

दुसरा अंक आला त्या सकाळी नंबरताई डोक्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून कामाला आली. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. रात्रभर तिने खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. टपाल आलं तेव्हा खोली भरलेली. ड्रायव्हरकाकांनी उठून तिच्या हातातून अंक जवळजवळ हिसकावलाच. मुखपृष्ठावर वाळवंट होतं.

"हे काय? वाळू?" काका मागून पुढे, पुढून मागे पानं उलटू लागले. "दातांचं कुठाय?"

"हे बघा, इथे आहे," बेकरीवालीने बोट ठेवलं. वाचकांच्या प्रश्नांच्या पानावर एक छोटी चौकट होती. काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'नव्या दातांवरील संशोधन प्राथमिक अवस्थेत असून प्रत्यक्ष उपयोगाला अजून बराच काळ लागेल. तोवर वाचकांनी आहेत ते दात जपावेत आणि दुखत असल्यास विनाविलंब दंतवैद्याकडे जावे.'"

काकांनी चष्मा पुसला आणि ती चौकट पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचून पाहिली.

"हे आपल्या डॉक्टरांनीच छापून आणलेलं दिसतंय," बेकरीवालीची वहिनी हळूच म्हणाली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. "पुढचे?" म्हणताना डॉक्टरांची नजर काचेकडे गेली. त्या तरातरा बाहेर आल्या. "ताई, ओढणी का बांधलीय?"

"गारठा आहे जरा."

"पंखा चालू आहे, ताई. सोडा ती."

नंबरताईने ओढणी सोडली. साऱ्या खोलीने एकदम "अगं बाई" म्हटलं, ड्रायव्हरकाकांनीसुद्धा.

"मुंगी चावली का हो, नंबरताई? की हत्ती?" काका म्हणाले. पण लगेच त्यांचंच तोंड पडलं, कारण नंबरताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्गणी भरायच्या आधीपासून."

"आणि रोज इथे बसताय? माझ्या दाराबाहेर? चला आत."

"माझा नंबर नाही लागलेला," नंबरताई टेबलाची कड धरून म्हणाली. तिचं शेवटचं शस्त्र होतं ते.

आजवर तिथे कुणी आपला नंबर एवढ्या उदारपणे सोडला नसेल. "माझा घ्या!" "माझा घ्या, मला घाई नाही!" "वहिनीचा घ्या, तिचे दात चांगलेच आहेत!" बिल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. ड्रायव्हरकाकांनी आपला पहिल्या नंबरचा बिल्ला तिच्या मुठीत कोंबला, आणि बेकरीवालीने तिला दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं, जणू सासरी पाठवतायत.

आतली खोली नंबरताईने इतकी छोटी कल्पिली नव्हती. तिच्या मनात तिथे निदान कारखाना होता. इथे एक खुर्ची, एक दिवा, आणि खिडकीत एक सुकलेलं रोप.

ती खुर्चीत बसली. खुर्ची मागे कलायला लागली आणि नंबरताईने अशी किंकाळी फोडली, की बाहेर दोघंजण उभे राहिले.

"ताई, मी अजून फक्त दिवा लावलाय."

"माहितेय गं," नंबरताई म्हणाली. घाबरल्यावर तिचं 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' दोन्ही गळून पडलं. "हात लावशील तेव्हा सांग. नको, सांगू नकोस."

डॉक्टर हातमोजे चढवता चढवता थांबल्या. "मला एक सांगा. माझा हात जड आहे असं लोक म्हणतात का बाहेर?"

नंबरताईने मान फिरवून पाहिलं. पोरीचा चेहरा उतरला होता. गेले कित्येक दिवस ही एकटीच या खोलीत खुर्ची वरखाली करत बसली होती, आणि विचार करत होती की आपलंच काहीतरी चुकतंय. हे कळल्यावर नंबरताईला दाढेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी कळ आली.

"नाही गं, बाळा. तुझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. उंदराबद्दल बोलतात सगळे."

"उंदराबद्दल?"

"नंतर सांगते," ती म्हणाली, डोळे गच्च मिटले आणि आ वासला.

दाढ वाचली. आधी आली असती तर नुसतं भरून भागलं असतं. आता आतला पू काढून मुळापर्यंत साफ करावं लागलं, आणि अजून दोनदा यायचं होतं. टोचलं तेव्हा मुंगी नव्हती, चांगला डोंगळा होता. पण एकच. त्यानंतर ते कुईं डोक्याच्या अगदी जवळ वाजलं, आणि नवल म्हणजे जवळून ते बाहेरच्यापेक्षा बारीक होतं.

ती बाहेर आली तेव्हा अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती, निकालाच्या दिवशी बघतात तशी.

"दुखलं का हो?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

नंबरताईला बोलता येईना. खोटं बोलणंही जिवावर आलं. तिने अंगठा आणि तर्जनी जरा लांब ठेवून दाखवली: एवढं. मग दारातून बाहेर डोकावणाऱ्या डॉक्टरांकडे तिची नजर गेली. तिने टोपलीतून दुसऱ्या नंबरचा बिल्ला उचलला, काकांच्या हातात ठेवला आणि दाराकडे बोट केलं.

"मला तशी घाई नाही..." काका म्हणाले.

नंबरताईने बोट हलवलं नाही.

काका उठले. वाळवंटाचा अंक खुर्चीवर ठेवला, पुन्हा उचलला, घडी घालायला गेले, शेवटी तिच्या टेबलावर टाकून आत गेले. दार लागलं. पाठोपाठ अशी आरोळी आली, की बेकरीवाली पिशवी उचलून निघालीच. नंबरताईने तिला हाताने खाली बसवलं. मग काचेच्या भोकाला तोंड लावून, बधिर ओठांनी, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "फ-क्त दि-वा लाव-लाय."

बेकरीवाली बसली. तिची वहिनीही उगाचच बसली.

नंबरताईने अंक जवळ ओढला. आज तिला कुठल्याच पानावर दात शोधायचे नव्हते, म्हणून तिने तो चक्क सुरुवातीपासून वाचायला घेतला. वाळवंटानंतर बागेतल्या गोगलगायीवर दोन पानं होती. गोगलगायीच्या एवढ्याशा तोंडात हजारो दात असतात, असं तिथे लिहिलं होतं.

हजारो! नंबरताईने बधिर गालावर हात ठेवला. त्यातला एक जरी दुखायला लागला, तरी त्या बिचारीने दवाखान्यात पोचायचं कधी?