सेवेरिनचा ग्रह

जानेवारीत आमच्या वॉर्सॉच्या वेधशाळेत नवं काही घडत नाही. आम्ही ताऱ्यांच्या ज्या गर्दीकडे डोळे लावून असतो, ते आकाशगंगेचं पोट तेव्हा सूर्याच्या मागे गेलेलं असतं, चिलीतली आमची दुर्बीण दुसरीकडे बघते, आणि आम्ही जुने हंगाम उकरत बसतो. हे दिवस मला आवडतात. लोक चिडके होतात आणि खरं बोलतात.

त्याच महिन्यात आमच्या प्रोफेसर सेवेरिन कुलेशाचा नामदिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस, येतो. ज्याचा नामदिवस त्यानेच खायला आणायचं, म्हणून तो दरवर्षी खसखशीची गुंडाळी, म्हणजे खसखस भरून गुंडाळलेला केक, आणतो. ती त्याची बायको हालिना करते. बैठकीच्या खोलीत लिंबाचा चहा, गुंडाळी, आणि कुणीतरी नवीन काम दाखवायचं, अशी पद्धत आहे. त्या वर्षी याग्ना दाखवणार होती. याग्ना त्याची डॉक्टरेटची विद्यार्थिनी, येऊन चारच महिने झाले होते, आणि भीड हा प्रकार तिला कुणी शिकवलेला नव्हता.

मी ओतिल्या. मीही एके काळी त्याचीच विद्यार्थिनी. आता आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो, पण तिथवर यायला त्याने मला पंधरा वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

याग्नाने पडद्यावर आलेख लावला, आणि माझ्या हातातला काटा तसाच राहिला.

आमचं काम तसं सोपं आहे. एका दूरच्या ताऱ्यासमोरून एखादी अंधारी वस्तू, बहुतेकदा एखादा मंद तारा, सरकते. ती दिसत नाही, पण तिच्या ओढीने मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकतो, काही दिवस तो तारा उजळतो आणि परत विझतो. आलेखात एक टेकडी उठते. त्या टेकडीवर छोटासा उंचवटा असला तर सरकणाऱ्या ताऱ्याबरोबर ग्रह असू शकतो. हे एकदाच घडतं. परत बघू म्हणायची सोय नाही.

पडद्यावरची टेकडी मी झोपेतही ओळखली असती. खोलीतल्या सगळ्यांनीच ओळखली. तो सेवेरिनचा ग्रह होता. त्याने आयुष्यात शोधलेला एकमेव ग्रह. त्याचा नातू शाळेत सांगतो, हालिना चर्चबाहेर सांगते, आणि जगभरच्या ग्रहांच्या यादीत त्याची ओळ आहे. सेवेरिनने याग्नाला आकडे देताना नाव काढून टाकलं होतं, तारखा सरकवल्या होत्या. तिला काही ठाऊक नव्हतं. त्याने असं का केलं, हे मला कळेना. आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं उठतं.

"मला दिलेल्या आकड्यांवरून हा ग्रह वाटतो," याग्ना म्हणाली. "छान बसतो. जरा जास्तच छान. म्हणून मी सोबत दिलेली मूळ चित्रं परत मोजली. तर निवडताना बरेच ठिपके टाकून दिलेले."

निवडणं हा आमचा रोजचा शब्द. ढग आला, चंद्र जवळ होता, उपग्रहाची रेघ गेली की त्या वेळचा ठिपका खराब होतो. तो वेचून काढून टाकायचा. सगळेच करतात.

"बहुतेक कचराच होता," ती पुढे म्हणाली. "पण हे तीन बघा." टेकडीच्या दुसऱ्या उताराला तीन लाल ठिपके उमटले, सरळ वर चढत गेलेले. "हे चांगले आहेत. आणि हे असतील तर ग्रह टिकत नाही. दोन तारे लागतात. दोघेही सूर्याच्या दहाव्या हिश्शाहून हलके, जेमतेम पेटतील असे. इतके मंद की दुसऱ्या कुठल्या मार्गाने ते आपल्याला सापडलेच नसते. मला तर ग्रहापेक्षा हेच आवडले. ज्या गाढवाने हे निवडलं ना, त्याने नेमकं..."

"ते गाढव मी," सेवेरिन म्हणाला.

याग्नाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला उमगलं. ती मानेपर्यंत लाल झाली.

"प्रोफेसर, मला माहीत नव्हतं. शप्पथ."

"माहीत नसावं म्हणूनच दिलं. बस. गुंडाळी घे. पुढे बोल, एकमेकांच्या जवळून फिरतात की लांबून?"

"दोन्ही बसतं," ती पुटपुटली. "जवळचं जोडपं आणि लांबचं जोडपं, आलेख सारखाच येतो."

"येणारच. तो छळ जुना आहे," तो म्हणाला, आणि चहा ढवळत बसला. त्यात साखर नव्हती.

बैठक लवकर उठली. मी त्याला जिन्यात गाठलं.

"मला आधी सांगता येत नव्हतं?" मी म्हणाले. "सगळ्यांसमोर स्वतःचं हसं करून घ्यायची हौस आली होती का?"

"तू मला सांभाळून घेतलं असतंस."

"मी? मी आजवर कुणाला सांभाळून घेतलंय?"

तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "ओतिल्या, त्या तीनपैकी एका ठिपक्याजवळ मी थांबलो होतो. आकाश स्वच्छ होतं, चंद्र नव्हता. टाकायला कारणच नव्हतं. पण तो ग्रहाच्या आड येत होता. तेव्हा मी ठिपके निवडत नव्हतो, ग्रह निवडत होतो. नंतर स्वतः परत मोजायला बसलो की दर वेळी ग्रहच दिसायचा. कोरे डोळे हवे होते."

मला त्याचा राग आला आणि मायाही वाटली, दोन्ही एकदम. मी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

"हालिनाला काय सांगशील?"

"तिला सांगेन. तेच अवघड आहे," तो म्हणाला. "आधी सोपं उरकू."

त्याने याग्नाला आपल्या खोलीत बोलावलं. ती दारातच घुटमळत राहिली, मग त्याने पुढे केलेल्या खुर्चीवर अगदी टोकाला टेकली. मी आगाऊपणे मागे उभी राहिले. ग्रहांची यादी सांभाळणाऱ्यांना तो पत्र लिहीत होता. आमची ओळ काढून टाका, चूक माझी, शोध याग्ना विल्कोशचा.

"प्रोफेसर, तीनच ठिपके आहेत," याग्ना म्हणाली. "थोडं थांबू या का? माझंच चुकत असेल तर?"

"चुकलंय का?"

ती खुर्चीत नीट मागे सरकून बसली. "नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. पडद्यावरचा बाण पाठवायच्या बटणावर नेला, आणि तिथेच थांबला. मला वाटलं, आता हा परत घेतो. खरं सांगते, त्याने परत घ्यावं असं मला क्षणभर वाटलंही.

"याग्ना," तो म्हणाला, "त्या दोघांतला जो हलका आहे, तो जळतो तरी आहे का?"

"सांगता येत नाही. अगदी काठावर आहे. कदाचित कधी पेटलाच नसेल."

सेवेरिन तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं कुतूहल होतं.

"मग ते बघायला हवं," तो म्हणाला, आणि पडद्याकडे न पाहताच बटण दाबलं.