पाठकोरी पट्टी

मी कागदाची एक पिवळी पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत बांबूच्या फांदीला टांगलेली. उद्या ही फांदी उतरवणार आहेत, तेव्हा काय ते आजच सांगून टाकते.

माझा जन्म कात्रीखाली झाला. लायब्ररीतल्या बाई कापता कापता मुलांना गोष्ट सांगत होत्या. आकाशात कापड विणणारी एक मुलगी आणि एक गुराखी, दोघांचं प्रेम. चीनमध्ये म्हणतात, तिच्या आईने केसातली पिन काढून दोघांच्या मधे आकाशगंगेची नदी ओढली. जपानमध्ये हेच काम बाप करतो. कोरियातही ते दोघं वर्षातून एकदाच भेटतात, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी. त्या दिवशीच्या सणाला कागदाच्या पट्टीवर इच्छा लिहून बांबूला बांधायची, ही जपानी पद्धत. नदी ओढली जात असताना गुराखी काय करत होता, हे मात्र बाईंनी सांगितलं नाही. मला तेव्हाच खटकलं होतं.

मला उचललं उपासनाने. ती नागपूरची, इथे औषधांच्या कंपनीत काम करते. बाकीच्या पट्ट्यांवर कुणाला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं, कुणाला नवा गेम. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मराठीत लिहिलं. इथे कोण वाचणार, असं वाटलं असेल तिला. मॉरिसव्हिलमध्ये! जिथे दूध आणायला गेलं तरी दोन मराठी माणसं भेटतात.

'यतीनने या वर्षी तरी आईला आमच्याबद्दल सांगावं. – उपासना.'

मला फार अभिमान वाटला. गेम मागणाऱ्या पट्ट्यांकडे मी नाक वर करूनच बघायचे.

तीन दिवसांनी नीलांबरीकाकू आल्या. यतीनच्या आई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. सोबत यतीन होता. मराठी अक्षर बघून काकू खुलल्या. चष्मा लावून त्यांनी मला वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"यतीन, ही उपासना म्हणजे मला ग्रोसरीला घेऊन जाते, तीच ना रे?"

"दुसरी कोणी असेल गं. इथे काय एकच उपासना आहे?"

"आणि यतीन?"

"यतीनही खूप आहेत, आई."

काकू हसल्या. "तसंच असेल." त्यांनी माझा दोरा सोडवला आणि मला उलटं केलं. टेबलावर कोऱ्या पट्ट्यांचा ढीग होता. "नवी कशाला? ही पाठकोरी आहे की."

त्यांनी लिहिलं, 'माझ्या यतीनला आपल्यातली, चांगल्या घरची मुलगी मिळू दे.' पेन इतकं दाबून, की उपासनाच्या अक्षरांमधून त्यांची अक्षरं वर आली. मला दुखलं.

"बांध रे. माझा हात नाही पुरत."

यतीनने मला बांधलं. आईची बाजू बाहेर.

काल उपासना आली. काकूंच्या सामानाच्या याद्या तिनेच कितीदा वाचल्या होत्या, अक्षर तिने लगेच ओळखलं. मला उलटून पाहिलं. 'आपल्यातली' म्हणजे काय, हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. तिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, म्हणून तर यतीन तीन वर्षं आईपाशी गप्प होता.

तिने तिथूनच त्याला फोन लावला. मी तिच्या मुठीत होते.

"तू बघितलं होतंस हे?"

"अगं, प्लीज सीन नको करूस. लिहिलं आईने. तिचा हात पुरत नव्हता, मी फक्त बांधलं."

उपासनाने फोन ठेवला. मला फाडेल असं वाटलं, फाडलं असतं तर बरं झालं असतं. तिने पेन काढलं आणि स्वतःच्या ओळीवरून एक सरळ रेघ ओढली. मग मला जागेवर नीट बांधलं, काकूंची बाजू बाहेर ठेवून.

उद्या मी रद्दीत जाईन. तिथून लगदा, लगद्यातून पुन्हा कागद. जो कुणी मला बनवेल, त्याच्यापुढे हात जोडते. पुढच्या जन्मी मला दोन्ही बाजूंनी छापून काढ. पाठ कोरी ठेवू नकोस.