कोनाड्यात न बसलेली फळी

मी एक जुनी लाकडी मीटरपट्टी आहे. सरळ आहे, हे सगळे मान्य करतात. खरी आहे की खोटी, याचा उलगडा मात्र माझा मलाच अजून झालेला नाही.

मित्रांनो, कारखान्यातून आले तेव्हा माझ्या दोन्ही टोकांना पितळी टोप्या होत्या. सहावीच्या वर्गात मला खिळ्याला टांगले. बाई माझ्या आधाराने फळ्यावर रेषा मारायच्या, माझ्या टोकाने नकाशातली नदी दाखवायच्या आणि गलका वाढला की मलाच टेबलावर आपटायच्या. एकदा त्यात माझे शून्याकडचे टोक फुटले. शिपाईकाकांनी ते कानशीने घासून गुळगुळीत केले आणि म्हणाले, "झाली नव्यासारखी." मलाही तसेच वाटले. त्या टोकाचे आकडे मुलांच्या बोटांनी आधीच पुसले होते, त्यामुळे काय गेले ते कुणाला दिसलेच नाही.

वर्गात मोजण्याची एक रीत होती. एकाने मला लावून आकडा मोठ्याने वाचायचा, बाकीच्या एकोणचाळीस जणांनी त्याची री ओढायची आणि वहीत लिहायचे. एवढे जण म्हणतात म्हणजे मी बरोबरच असणार, अशी माझी समजूत होती. त्या सुरात मला फार बरे वाटायचे.

मग पुस्तकांसाठी कोनाड्यात फळी बसवायचे ठरले. कोनाड्याचे माप माझ्यावर आले एक्क्याण्णव सेंटिमीटर. सुताराने तशी फळी कापून आणली, तर ती आत शिरेना. बाईंनी मला फळीला लावले. ब्याण्णव!

"मी एक्क्याण्णव सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "अशाने वर्गाच्या नव्या बाकांचं काम तुम्हाला कसं देणार? मी दुसरं कोणी बघते."

सुतार मान खाली घालून गेला. त्याची मुलगी पहिल्याच बाकावर बसायची. सारखे काहीतरी विचारते म्हणून मुले तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणत. मागून कोणीतरी कुजबुजले, "साधी फळीही मापात कापता येत नाही." तिचे कान लाल झाले. मला वाईट वाटले, पण मी तरी काय करणार? माझ्यावर जे आले तेच मी दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. "बाई, कोनाडा मोजला तेव्हा आकडा एकानेच वाचला. आम्ही नुसता लिहिला. मग मोजलं किती जणांनी?"

बाईंनी फळी टेबलावर ठेवली. मग त्यांनी चौघाचौघांचे गट केले. "प्रत्येक गटाने फळी मोजा. आकडे जुळले नाहीत तर भांडू नका, का जुळले नाहीत ते शोधा."

पहिल्या गटाचे ब्याण्णव आले, दुसऱ्याचेही. प्रश्नपत्रिकेच्या गटाने मात्र टोकाचे आकडे दिसत नाहीत म्हणून मला पाचाच्या खुणेपासून लावले. फळी शहाण्णववर संपली. शहाण्णवातून पाच गेले, एक्क्याण्णव उरले. फळी तीच, मी तीच, आणि आकडे दोन! माझे डोके गरगरायला लागले. भांडू नका म्हटले तरी जुंपलीच. शेवटी दोन गटांनी मिळून माझ्या पाचाच्या खुणेपासून टोकापर्यंत कंपासपेटीतली छोटी पट्टी ठेवली. पाचाऐवजी चारच सेंटिमीटर भरले; टोक घासताना एक गेला होता, म्हणून टोकापासून मोजले की मी एक जास्त दाखवत होते.

बाईंनी त्याच दिवशी सुताराला बोलावले. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "चूक आमच्या मापाची होती. बाकं तुम्हीच करायची."

सुतार हसला नाही. "बाई, कोनाडा बघूनच मला वाटलं होतं की नव्वदच भरेल. पण शाळेचं माप, आपण कसं विचारायचं?"



आता बाई मला आपटत नाहीत आणि वर्गात कोणी री ओढत नाही. तरी माझा गोंधळ काही जात नाही. मी कधी मुद्दाम खोटे बोलले नाही, मग एका कष्टाळू माणसाची मान माझ्यामुळे खाली का गेली? मित्रांनो, मला जपून वापरा, एवढे मागणे आहेच. पण माझी शंका आली तर खुशाल विचारा, मला राग येणार नाही. आणि शेजारी कोणी गप्प उभा असेल, तर आधी त्याला विचारा, तुला काय वाटतं?